कापडाच्या पट्टीने मोजलेली युद्धे : सोलापुरातील एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर अभ्यासिका पुन्हा भरली, त्या पहिल्याच संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये वाद झाला, की गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत भीषण संघर्ष कोणता. एकाने रवांडा सांगितले, दुसऱ्याने सीरिया, तिसरीने काँगो. आणि आकडे तिघांकडेही होते. मी महाविद्यालयात सत्तावीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला आणि मला तो देता आला नाही. १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, वाचनालयात दरवर्षी एक प्रदर्शन भरते. या वर्षी तो विषय मी मागून घेतला : सशस्त्र संघर्षांची तीव्रता कशी मोजतात आणि दोन संघर्षांची तुलना कशी करतात. मंजूर रक्कम सहा हजार रुपये आहे आणि हॉलची लांब भिंत साडेअकरा मीटर भरते. कोणी असेच काम हाती घेतले तर आमच्या चुका त्यांना टाळता याव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

१० नोव्हेंबर

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संघर्ष-नोंद प्रकल्पाचे, म्हणजे यूसीडीपीचे, तक्ते आणि अमेरिकेतील ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाचे तक्ते उतरवून घेतले. दोन्ही विनामूल्य मिळतात. उप्सालाच्या व्याख्येनुसार एका वर्षात लढाईशी संबंधित २५ मृत्यू झाले की तो सशस्त्र संघर्ष ठरतो आणि १,००० झाले की युद्ध. ‘कोरिलेट्स’ १८१६ पासूनची युद्धे मोजतो आणि त्याचाही उंबरठा १,००० चाच आहे. मात्र तेथे फक्त लढणाऱ्यांचे मृत्यू धरले जातात.

दोन संध्याकाळी एका अशा चुकीत गेल्या, जी मी विद्यार्थ्याला कधीच माफ केली नसती. काही युद्धांची बेरीज अपेक्षेपेक्षा किंचित कमी येत होती. शेवटी एकेक ओळ वाचल्यावर दिसले, की ज्या पक्षाची हानी माहीत नाही तेथे ‘कोरिलेट्स’च्या तक्त्यात उणे ९ असा संकेत लिहिलेला असतो, आणि मी तो संख्या समजून बेरजेत घेतला होता. ‘माहीत नाही’ याचा अर्थ माझ्या तक्त्यात ‘नऊ माणसे जिवंत झाली’ असा झाला होता. आधी संकेतसूची वाचावी आणि मगच बेरीज करावी.

१४ नोव्हेंबर

दुसरी चूक याहून मोठी निघाली. उप्साला तीच आकडेवारी संघर्षनिहाय देते आणि लढणाऱ्या जोडीनिहायही देते. एकच सरकार तीन गटांशी लढत असेल, तर तो एक संघर्ष आणि तीन जोड्या होतात. आमच्यातल्या एका मुलीने दोन्ही फायली एकाखाली एक जोडल्या, मी त्या न तपासता स्वीकारल्या, आणि प्रत्येक मृत माणूस दोनदा मोजला गेला. चार दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. ती फार खजील झाली होती, पण तपासण्याची जबाबदारी माझी होती.

१७ नोव्हेंबर

दुरुस्त यादी उतरत्या क्रमाने लावल्यावर एका मुलाने विचारले, “सर, रवांडा कुठे आहे?” १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसे मारली गेली, तो देश आमच्या यादीत वर कोठेच नव्हता. कारण साधे होते : आम्ही लढाईतील मृत्यूंचीच फाईल घेतली होती. निःशस्त्र लोकांना ठरवून मारणे उप्साला ‘एकतर्फी हिंसा’ या वेगळ्या वर्गात नोंदवते, तर सरकार सहभागी नसलेल्या दोन गटांमधील लढाई तिसऱ्याच वर्गात. ही विभागणी चुकीची नाही, कारण लढाई आणि कत्तल यांची कारणे वेगळी असतात. परंतु एकच फाईल उघडून ‘सर्वांत भीषण’ असा शब्द वापरणाऱ्याच्या हातून रवांडा निसटतो, तसा तो आमच्या हातून निसटला होता.

या चर्चेत एकाने आपल्याच गावाची गोष्ट काढली. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. ते चौघे अशा तक्त्यात मोजले गेले असते का, असे त्याने विचारले. खटला चालवून दिलेली फाशी लढाईतील मृत्यूंत धरली जात नाही, असे मी सांगितले. नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेचे मतदान झाले, त्यामुळे दोन दिवस मुले आली नाहीत आणि काम थांबले.

२६ नोव्हेंबर

सर्व गोष्टी एकाच गुणांकात बसवण्याचा प्रयत्न मी नऊ दिवस केला आणि आज तो सोडून दिला. ॲक्लेड या संस्थेचा निर्देशांक मृत्यूंची संख्या, नागरिकांना असलेला धोका, हिंसेचा भौगोलिक फैलाव आणि सशस्त्र गटांची संख्या या चार बाजूंनी संघर्ष पाहतो. मीही तशाच चार स्तंभांना ४०, ३०, २० आणि १० असे भार देऊन क्रमवारी लावली. एका मुलाने प्रत्येकी २५ भार देऊन पाहिले, तर वरचे दोन देश आपापसांत बदलले. माझे ४० बरोबर आणि त्याचे २५ चूक का, याचे मला उत्तर देता येईना. ज्या क्रमवारीचा निकाल मी घरी बसून निवडलेल्या भारांवर फिरतो, ती लोकांसमोर लावणे मला योग्य वाटले नाही.

१ डिसेंबर

पहिला नमुना-फलक लावून पाहिला आणि उतरवला. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने, ज्याने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली होती, संघर्षांचे मोजमाप दहाच्या घातांकात केले : एक खून म्हणजे शून्य, हजार मृत्यू म्हणजे ३, लाख म्हणजे ५. त्याच्या मोजणीत दोन महायुद्धेच सातच्या पायरीवर बसतात. भिंतीवर सगळे मावते म्हणून मी हीच पट्टी घेतली होती. बोस्निया ५ वर आणि काँगो ६.७ वर आला. वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक वयस्क कापड व्यापारी फलक पाहून म्हणाले, “म्हणजे काँगो बोस्नियाच्या दीडपटसुद्धा नाही तर.” त्या दोन संख्यांमध्ये प्रत्यक्षात पंचावन्न पटींचे अंतर आहे. घातांकाची पट्टी जाणकाराला सोयीची असते, पण भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ती फसवते.

उपाय त्यांनीच सुचवला : “सर, कागद कशाला? सोलापुरात आहात, कापड मोजून टांगा.”

४ डिसेंबर

प्रमाण ठरले : हजार माणसांना एक सेंटीमीटर. पूर्व भागातील एका यंत्रमागवाल्याकडून ६२ रुपये मीटर दराने २८ मीटर कोरे मांजरपाट घेतले. टेलर मास्तरांनी ते उभे फाडून प्रत्येकी तीस सेंटीमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या केल्या. ज्या मृतांची नावानिशी नोंद आहे तेवढा भाग गडद तपकिरी रंगवायचा आणि अंदाजाचा भाग कोरा ठेवायचा, असे ठरले. अंदाजाची खालची मर्यादा जेथे संपते तेथे धाग्याची रेघ घालायची आणि तेथून वरच्या मर्यादेपर्यंतच्या कापडाला शिवण न घालता दशा सुट्या सोडायच्या. ही दशांची कल्पना मास्तरांची आहे. “जिथं नक्की नाही, तिथं मी दुमडणार नाही,” असे ते म्हणाले, आणि अनिश्चितता दाखवण्याची याहून चांगली रीत मला सत्तावीस वर्षांत सुचली नव्हती.

८ डिसेंबर

इराकच्या पट्ट्यांवर आजचा पूर्ण रविवार गेला. मार्च २००३ पासून २००६ च्या मध्यापर्यंतच्या जवळजवळ त्याच काळासाठी दोन सर्वेक्षणे आहेत. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या सर्वेक्षणाने ४७ ठिकाणची १,८४९ घरे विचारून हिंसक मृत्यूंचा अंदाज ६,०१,०२७ दिला. इराकच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने ९,३४५ घरे विचारून १,५१,००० हा अंदाज दिला. त्याची मर्यादा १,०४,००० ते २,२३,००० अशी आहे. पहिली पट्टी सहा मीटर एक सेंटीमीटर आणि दुसरी दीड मीटर.

सुरुवातीला मी लॅन्सेटचा ६,५४,९६५ हा आकडा कापायला दिला होता. तो सर्व कारणांनी झालेल्या अतिरिक्त मृत्यूंचा आहे आणि दुसऱ्या सर्वेक्षणाचा आकडा फक्त हिंसक मृत्यूंचा. कात्री लागण्यापूर्वी हे लक्षात आले, म्हणून कापड वाचले.

दोन्हींची सरासरी काढून एकच पट्टी लावावी, अशी सूचना आली. ती मी मान्य केली नाही. सरासरी काढली असती तर कोणीही न मोजलेला एक तिसरा आकडा भिंतीवर गेला असता. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक लावायच्या आणि प्रत्येकीवर विचारलेल्या घरांची संख्या लिहायची, असे ठरले.

१५ डिसेंबर

आतापर्यंतचे सर्वांत मोठे नुकसान आज झाले. पट्ट्या मापाने कापून झाल्यावर काही भाग रंगायला गेले आणि बाकीचे, खळ निघावी म्हणून, मी धुऊन घेतले. वाळल्यावर सगळे कापड मीटरमागे पाच सेंटीमीटर आटले. सीरियाची पट्टी पंधरा सेंटीमीटर तोकडी झाली, म्हणजे पंधरा हजार माणसे. काँगोची ५४ मीटरची पट्टी ५१ मीटर ३० सेंटीमीटर भरली, म्हणजे दोन लाख सत्तर हजार. यंत्रमागवाला म्हणाला, “कोरं कापड आटतंच, आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.” ओढून ताणून माप पूर्ण करण्याचा प्रयत्न एका मुलाने केला, तो मी थांबवला.

दुरुस्ती अशी केली : आणखी चार मीटर मांजरपाट घेतले, आधी दोनदा धुतले, वाळवले, इस्त्री केली आणि मगच मापले. लहान पट्ट्या नव्याने कापल्या व काँगोला उरलेला तुकडा जोडला. कापडाचे २४८ रुपये, दुसऱ्यांदा रंगवण्याचे २५० आणि मास्तरांच्या जादा कामाचे ४०० रुपये गेले.

१८ डिसेंबर

काँगोच्या पट्टीबद्दल स्वतंत्र लिहिणे भाग आहे. ऑगस्ट १९९८ ते एप्रिल २००७ या काळात तेथे ५४ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा अंदाज इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने सर्वेक्षणांवरून मांडला. यातले थेट हिंसेने झालेले मृत्यू दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. बाकीची माणसे ताप, जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण यांनी गेली, कारण दवाखाने बंद होते, रस्ते तुटले होते आणि शेती सोडून लोक पळाले होते. त्यामुळे मी पट्टीचा एक दशांश भाग तपकिरी रंगवून आणला. मास्तरांनी तो हातात घेऊन विचारले, “म्हणजे यांची नावं मिळाली का?” नावे मिळालेली नव्हती. एकाच रंगाला मी दोन ठिकाणी दोन अर्थ दिले होते. तो तुकडा काढून टाकला आणि दशांशाच्या जागी फक्त एक धाग्याची रेघ घातली.

या पट्टीची लांबीही वादातीत नाही. ‘अतिरिक्त’ मृत्यू मोजायचे तर युद्ध नसते तर किती माणसे मेली असती हे गृहीत धरावे लागते. सर्वेक्षणाने त्यासाठी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेची सरासरी, महिन्याला हजारी दीड, घेतली. टीकाकारांचे म्हणणे असे, की काँगोचा मृत्युदर युद्धापूर्वीही याहून जास्त होता. गृहीत दर वाढला की पट्टी आखूड होते. म्हणून तिचे टोक पूर्ण सुटे ठेवले आहे. चोपन्न मीटर कापड साडेअकरा मीटरच्या भिंतीवर मावत नाही. त्याची गुंडाळी करून लाकडी स्टँडवर ठेवली, आणि पाहणाऱ्याने ती हाताने उलगडत न्यावी अशी सोय केली.

२२ डिसेंबर

सैन्यातून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीतले सुभेदार काका तयारी पाहायला आले. कारगिलची पट्टी कोठे आहे, असे त्यांनी विचारले. १९९९ मध्ये भारताचे ५२७ जवान धारातीर्थी पडले. आमच्या प्रमाणात ते पाच मिलिमीटर होतात. मी तो दोराएवढा तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, काही बोलले नाहीत, आणि परत देताना म्हणाले, “गुरुजी, हिशेब बरोबर असेल, पण हे लावू नका.”

आम्ही ते लावले नाही. त्याऐवजी ज्यांच्या घरी गोधड्या शिवल्या जातात अशा दोन मावशींना बोलावले आणि एका वेगळ्या पट्टीवर एकेका सेंटीमीटरला एक याप्रमाणे ५२७ धावदोऱ्याचे टाके घालून घेतले : एक टाका, एक माणूस. पट्टी सव्वापाच मीटरपेक्षा थोडी लांब झाली आणि दोघींनी मिळून पाऊण तासात ती पुरी केली. याच गतीने काँगोच्या पट्टीवर टाके घालायचे तर रोज आठ तास धरून साडेनऊशेहून अधिक दिवस लागतील. हा हिशेब मोठ्या मावशींनी विचारला म्हणून केला, आणि तोही फलकावर लिहिला.

याच निमित्ताने उंबरठ्याचा प्रश्नही सुटला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ आणि बेटावरचे ३ मिळून ९०७ मृत्यू झाले, म्हणजे हजाराला कमी. तरीही ‘कोरिलेट्स’च्या युद्धयादीत ते आहे, आणि कारगिलही आहे. हजाराचा आकडा यादीत कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी आहे. तेवढ्यावरून तीव्रता ठरवता येत नाही. मुलांनी उंबरठ्याच्या आतले आणि बाहेरचे असे केलेले दोन रंगांचे गट मी काढायला लावले.

५ जानेवारी २०२५

फलक छापून आले आणि त्यातला मुख्य फलक चुकीचा निघाला. पूर्ण प्रकल्पातली ही माझी सर्वांत गंभीर चूक आहे, म्हणून ती विस्ताराने लिहितो.

बोस्नियात साराजेव्होच्या संशोधन केंद्राने घरोघरची माहिती गोळा करून ९७,२०७ नावे निश्चित केली. त्याआधी दोन लाख हा आकडा सर्रास सांगितला जात असे. सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांसाठी ३,०६,८८७ हा अंदाज दिला. त्यात १,४३,३५० जणांची वैयक्तिक नोंद आहे आणि उरलेले वेगवेगळ्या याद्यांच्या ताळमेळावरून काढले आहेत. दोन स्वतंत्र याद्यांत तीच नावे फार थोडी आढळली, तर दोन्हींबाहेर राहिलेली माणसे पुष्कळ असणार, हे त्यामागचे तत्त्व आहे. पेरूच्या सत्यशोधन आयोगानेही असेच केले होते : २३,९६९ नावे हाती होती आणि अंदाज ६९,२८० चा निघाला.

बोस्नियाची १९९१ ची लोकसंख्या ४३,७७,०३३ होती. मी प्रमाण काढले ते बोस्निया २.२ टक्के आणि सीरिया १.५ टक्के, आणि ‘लोकसंख्येच्या मानाने बोस्निया अधिक तीव्र’ असे छापून घेतले. एका मुलीने संयुक्त राष्ट्रांचा अहवाल पुन्हा वाचून विचारले, “सर, इथे नागरिक असा शब्द आहे. बोस्नियाचा आकडाही नागरिकांचाच आहे का?” तो नव्हता. ९७,२०७ मध्ये ५७,५२३ सैनिक आणि ३९,६८४ नागरिक आहेत. नागरिकांशी नागरिक ताडले तर बोस्निया ०.९ टक्के होतो आणि क्रम उलटा लागतो.

त्यावर दुसऱ्या एकाने काळाचा मुद्दा काढला. बोस्नियाचे युद्ध एप्रिल १९९२ ते डिसेंबर १९९५, म्हणजे साधारण १,३५० दिवस चालले. सीरियाचा आकडा ३,६८४ दिवसांचा आहे. सीरियात दिवसाला ८३ नागरिक, बोस्नियात २९. हेच सोलापूर शहराच्या २०११ च्या जनगणनेतील ९,५१,५५८ लोकसंख्येवर बसवून पाहिले, तर बोस्नियाच्या दराने आपल्या शहरात रोज सहा-सात नागरिक मेले असते आणि सीरियाच्या दराने रोज चारजण. क्रम पुन्हा बदलला. मात्र एकूण आकडा पाहिला, तर त्याच शहरात सीरियाच्या प्रमाणाने चौदा हजार आणि बोस्नियाच्या प्रमाणाने साडेआठ हजार माणसे गेली असती.

मुख्य फलक रद्द केला आणि त्यासोबतचे सगळे फलक पुन्हा छापले. आणखी ७८० रुपये गेले. नव्या फलकावर कोणालाही पहिला क्रमांक नाही. प्रत्येक पट्टीखाली चार गोष्टी लिहिल्या आहेत : कोण मोजले, कोणत्या कारणाने मेलेले मोजले, कोणत्या काळात मोजले आणि कोणी मोजले. ज्या दोन पट्ट्यांची पहिली तीन उत्तरे सारखी नाहीत, त्या शेजारी लावायच्या नाहीत असा नियम केला. त्यामुळे बोस्निया आणि काँगो हॉलच्या दोन टोकांना गेले.

९ जानेवारी

गड्ड्याची यात्रा तोंडावर आली. मास्तरांकडे नंदीध्वजाच्या मिरवणुकीसाठी पांढऱ्या बाराबंदीची कामे साचली आहेत आणि आमच्या चार पट्ट्यांच्या शिवणी अर्ध्या आहेत. प्रदर्शन २६ जानेवारीला ढकलले. हुतात्मा दिनाला ते झाले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विस्थापितांचीही पट्टी करण्याचा विचार याच वेळी सोडला. २०२३ च्या अखेरीस जगभरात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने ११ कोटी ७३ लाख दिली आहे. आमच्या प्रमाणात ते १,१७३ मीटर कापड होते. शिवाय त्यात केवळ युद्धामुळे घर सुटलेली माणसे नाहीत, छळामुळे पळालेलीही आहेत, त्यामुळे ती पट्टी आमच्या नियमातही बसत नव्हती.

२६ जानेवारी

ध्वजवंदनानंतर प्रदर्शन उघडले. रवांडाची आठ मीटरची कोरी पट्टी आणि पुढे दहा मीटरपर्यंत दशा, कारण तेथील सरकार दहा लाखांहून अधिक असे सांगते. ती जवळजवळ पूर्ण भिंत व्यापते आणि शंभर दिवसांच्या फलकापाशी लोक थांबतात. काँगोची गुंडाळी दिवसभरात दोघांनीच शेवटपर्यंत उलगडली. त्यांतले एक सुभेदार काका होते. ती पुन्हा गुंडाळायला वीस मिनिटे लागतात, त्यासाठी एक माणूस कायम स्टँडपाशी ठेवावा लागला.

२ फेब्रुवारी

पट्ट्या उतरवल्या. खर्च असा झाला : कापड १,९८४, रंगाई १,१५०, शिलाई १,९००, छपाई १,५६०, स्टँड ६५०, दोरा व टाचण्या १२०, एकूण ७,३६४ रुपये. मंजूर रकमेपेक्षा १,३६४ रुपये जास्त झाले. त्यांतले १,६७८ रुपये निव्वळ चुकांचे आहेत, म्हणजे चुका झाल्या नसत्या तर काम मंजूर रकमेत बसले असते. वेळेचा हिशेब केला तर साधारण बारा आठवड्यांपैकी तीन आठवडे चुका निस्तरण्यात गेले.

तालुक्यातील एका शाळेने पट्ट्या मागितल्या आहेत. देण्यापूर्वी सगळ्या पुन्हा मोजल्या, तेव्हा हाताळणीमुळे इराकच्या लांब पट्टीच्या दशा उसवून टोक चार सेंटीमीटर आखूड झालेले आढळले. मास्तर बुधवारी तेथे आतून बारीक दोरा घालून देणार आहेत, आणि तोवर ती पट्टी बाहेर द्यायची नाही असे नोंदवहीत लिहून ठेवले आहे.